उमेदवारीचे हजार तास

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत, की ते उच्चारताच एक सबंध जमाना डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘उमेदवारी’ हा त्यांतलाच एक. आज तो बहुतेक निवडणुकीपुरताच उरला आहे; पण एके काळी मामलेदार कचेरीत, वकिलाच्या माडीवर, छापखान्यात, शिंप्याच्या दुकानात असा एकेक उमेदवार असायचाच. उमेद म्हणजे आशा. कचेरीच्या कोपऱ्यात बसून तो नकला करी, दौती भरी, रावसाहेबांची छत्री सांभाळी. आणि पहिल्या तारखेला इतरांनी पगार मोजून घेतला, की हा आपली आशा मोजीत घरी जाई. एखादी जागा रिकामी होईपर्यंत हे असेच चालायचे. घरची माणसे विचारणाऱ्याला सांगत, “मुलगा उमेदवारी करतोय,” आणि त्या सांगण्यात लाज नसे. उलट थोडा अभिमानच असे.

हा शब्द मला पुन्हा आठवला तो माझ्या भाचीमुळे. ती मेलबर्नला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यात एक हजार तास एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचे, पाचशे-पाचशेच्या दोन हप्त्यांत. याला तिकडे ‘प्लेसमेंट’ म्हणतात. काम बिनपगारी; पण केल्यावाचून पदवी नाही. आठवड्याचे पाच दिवस, नऊ ते पाच, ती घर सोडावे लागलेल्या बायकांना निवारा मिळवून देणाऱ्या एका संस्थेत जाते. संध्याकाळी खोलीवर येऊन निबंध लिहिते. आणि आठवड्यातून तीन रात्री वृद्धांच्या एका निवासात पाळी करते, कारण खोलीचे भाडे कोणाच्या अभ्यासक्रमाकडे पाहून थांबत नाही. पाळीचे पैसे मिळतात. दिवसाचे नाहीत.

यावरून ताईच्या घरात दोन तट पडले आहेत. मेहुण्यांनी घर गहाण टाकून बँकेचे कर्ज काढले आहे. त्यांचे म्हणणे सरळ आहे : “फी आपण भरायची, आणि वर कामही आपल्याच पोरीने करायचे, ही कुठली रीत? फुकट राबवून घेतात झालं!” मुलीचे आजोबा दिवाणी कोर्टातले निवृत्त कारकून. पंचाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी स्वतः दोन वर्षे बिनपगारी नकला केलेल्या. ते म्हणतात, “विद्या अशीच मिळते. आम्ही नाही का केली उमेदवारी? काही बिघडलं का आमचं?” दोघेही आपापल्या परीने बरोबर बोलतात, आणि म्हणूनच हा प्रश्न मला सोडून देता येईना.

कोणी म्हणेल, यात एवढा विचार कशाला? काम कशाला म्हणावे आणि शिक्षण कशाला, हे कायद्याने ठरवून ठेवले असेलच. मीही तसेच समजत होतो. पण कायदा पाहू गेले तर मोठी मौज आहे. ऑस्ट्रेलियाचा २००९ चा श्रमविषयक कायदा म्हणतो, की अशी प्लेसमेंट करणारा विद्यार्थी नोकर नव्हे, सबब त्याला किमान वेतन लागू नाही. बरे, प्लेसमेंट म्हणजे काय? तर अभ्यासक्रमाने आवश्यक केलेले, मान्य संस्थेच्या वतीने होणारे, आणि जिच्याबद्दल वेतन मिळण्याचा हक्क नाही असे काम! पगार का नाही, तर ती प्लेसमेंट आहे म्हणून. आणि प्लेसमेंट का, तर तिला पगाराचा हक्क नाही म्हणून. आमच्या सातवीतल्या मुलाने व्याख्या अशी लिहिली असती तर मी लाल शाईने वर्तुळ काढले असते.

जर्मनीत आणखी निराळेच. तिथे परदेशी विद्यार्थ्याला वर्षाकाठी कमाईसाठी किती दिवस काम करता येईल याला मर्यादा आहे. पूर्वी ते १२० पूर्ण दिवस होते, २०२४ मध्ये १४० झाले. अभ्यासक्रमाने सक्तीचा केलेला अनुभव यातून वगळलेला आहे. परंतु विद्यार्थ्याने आपण होऊन कुठे शिकाऊ म्हणून काम पत्करले, तर ते बिनपगारी असले तरी त्याचे दिवस या १४० मधून वजा होतात. म्हणजे अडवायच्या वेळी ते काम असते. भाचीचे नेमके उलट आहे. तिचे प्लेसमेंटचे तास काम म्हणून मोजतच नाहीत, त्यामुळे पंधरवड्याला ४८ तास कमाई करण्याची जी मुभा आहे ती तिच्यापाशी शाबूत राहते. ही सोयच म्हणायची. पण दिवसाचे ३५ आणि रात्रीचे २४ मिळून आठवड्याला ५९ तास होतात. कायद्याला न दिसलेले ते पस्तीस तास तिच्या पायांना आणि डोळ्यांना मात्र दिसतात.

या भानगडीचा उगम जुना आहे. १९४७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रेल्वेच्या यार्डातल्या शिकाऊ उमेदवारांचा खटला आला. ब्रेक सांभाळण्याचे काम शिकायला ही माणसे सात-आठ दिवस यार्डात जात. त्यांना त्या दिवसांचे वेतन द्यावे काय? न्यायालय म्हणाले, नको. कारण यांच्यामुळे कंपनीचे काम पुढे जात नाही, उलट कधी कधी खोळंबतेच. पुढे २०१० साली ‘ब्लॅक स्वान’ नावाचा चित्रपट आला. त्याच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या तरुणांनी दावा लावला, की आम्ही फायली लावल्या, कॉफी आणली, निरोप पोचवले, यात शिक्षण कोणते? २०१३ साली खालच्या न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. २०१५ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि नवी कसोटी सांगितली : या नात्यात मुख्य लाभ कोणाचा, ते पाहा. शिकणाऱ्याचा असेल तर तो विद्यार्थी, मालकाचा असेल तर तो नोकर. ऐकायला हे फार सरळ वाटते.

आम्हा मास्तर मंडळींना या कसोटीचा अनुभव दरसालचा आहे. आमच्या शाळेत अध्यापक विद्यालयाचे छात्राध्यापक सराव पाठ घ्यायला येतात. पहिल्या आठवड्यात ते निव्वळ ओझे असतात. फळ्यावर चित्र काढता काढता तास संपतो, मागच्या बाकावर चिंचोक्यांचा डाव रंगतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच धडा मला पुन्हा शिकवावा लागतो. यार्डातल्या त्या शिकाऊ उमेदवारांसारखेच. या आठवड्यात कोणी मला म्हणाले, की या मुलांना पगार द्या, तर मी हसेन. खरे तर त्यांनीच मला चहा पाजायला हवा. पण चौथ्या आठवड्यात एखाद्या बाई रजेवर जातात, आणि मुख्याध्यापक सहज म्हणतात, “त्या मुलीला पाठवा पाचवीवर.” ती जाते. दिवसभर सांभाळते. मुले शांत असतात. त्या दिवशी ती आली नसती तर वर्ग उघडा पडला असता.

मला वाटते, खरी खूण इथे आहे. शिकणारा आज आला नसता तर काही अडले असते का, एवढे विचारावे. अडले नसते तर तो शिकतो आहे. अडले असते तर तो काम करतो आहे, मग त्याच्या छातीवर बिल्ला कोणताही असो. ही कसोटी मला बरेच दिवस पुरली. मी ती मेहुण्यांनाही ऐकवली आणि त्यांनी मान डोलावली.

भाचीने ती फोनवर मोडून काढली.

तिने एका शुक्रवारची हकीकत सांगितली. प्लेसमेंटचा आठवा आठवडा. दुपारी उशिरा एक बाई लहान मूल आणि दोन पिशव्या घेऊन दारात आली. पर्यवेक्षक बाई कोर्टात गेलेल्या, दुसरा माणूस आजारी. नियमाने विद्यार्थिनीने अशा वेळी एकटीने बसायचे नसते. पण बाईला परत पाठवणार कुठे? हिने पर्यवेक्षक बाईंना फोन लावला, आणि त्या सांगतील तसे तीन तास तिच्याबरोबर बसली. अर्ज भरले, निवाऱ्याच्या जागांसाठी एकामागून एक फोन केले, मुलाला बिस्किटे दिली, आणि सात वाजता एका ठिकाणी रात्रीची सोय लागली. मग धावत जाऊन तिने आपली रात्रपाळी गाठली. “मामा,” ती म्हणाली, “तुमच्या हिशेबाने ते काम झालं. मी नसते तर अडलंच असतं. पण वर्षभरात मी सगळ्यात जास्त शिकले ती त्याच तीन तासांत. आता हे तास कुठल्या रकान्यात घालू?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि जसजसा विचार केला तसतसे वाटू लागले, की रकानेच चुकीचे आखले आहेत. शिक्षण आणि काम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक वाढली की दुसरी घटते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात माणूस शिकतो तो जबाबदारी अंगावर पडते तेव्हा. पाचवीवर एकटी गेलेली ती मुलगी त्या दिवशी मास्तरीण झाली. माझ्या देखरेखीखालच्या वीस पाठांनी ती झाली नव्हती. तेव्हा ‘तू शिकते आहेस, म्हणून तुला पगार नाही’ या वाक्यातला ‘म्हणून’ मला पटेनासा झाला. शिकतो म्हणून पगार नाही असा न्याय लावला, तर चांगल्या डॉक्टराला, चांगल्या सुताराला, नव्याने मुख्याध्यापक झालेल्याला कोणी पगार देऊ नये. ते रोज शिकतच असतात. जो शिकायचा थांबला त्यालाच काय तो पूर्ण पगार द्यावा लागेल!

आपल्या मराठीने हा तिढा एका शब्दात सोडवून टाकला आहे, ‘विद्यावेतन’. विद्याही आहे आणि वेतनही आहे. दोघे एका शब्दात सुखाने नांदतात. १९६१ चा आपला शिकाऊ उमेदवारांचा कायदा कारखान्यातल्या शिकाऊ मुलाला असे विद्यावेतन द्यायला लावतो. रक्कम तोकडी असते हे खरे; पण तत्त्व मान्य आहे. इंग्लंडमध्ये होऊ घातलेल्या बॅरिस्टराने अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम शिकायचे, तर पूर्वी त्यानेच त्या वकिलाला फी मोजायची रीत होती. २००० साली तिथल्या न्यायालयाने असा शिकाऊ वकील किमान वेतनाच्या कायद्यात बसत नाही असे ठरवले. तरी २००३ पासून वकिलांच्याच संघटनेने त्याला वर्षाला किमान दहा हजार पौंड देणे बंधनकारक केले. कायद्याने सोडले होते, पण त्यांना कळले होते की असेच चालू ठेवले तर बापाच्या जिवावर दोन वर्षे बसून खाणारी मुलेच काय ती वकील होतील.

आणि इथे मेहुण्यांचा शब्द तपासून पाहायला हवा. ‘फुकट राबवून घेतात’ म्हणजे ही वेठ आहे काय? आपल्या घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार बंद केली. दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी राबत असेल तर तीही सक्तीची मजुरीच. कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा जबरदस्तीच आहे, ती हातात चाबूक घेऊन येत नाही एवढेच. हा निकाल मला फार मोठा वाटतो. पण तो भाचीला जसाच्या तसा लावायला माझे मन धजत नाही. ती उपाशी नव्हती. तिने माहितीपत्रक वाचले, हजार तासांचा आकडा वाचला, आणि मग सही केली. तिला वेठबिगार म्हणणे हा त्या दगड फोडणाऱ्या मजुरांचा अपमान होईल. तिची ती उमेदवारीच. मात्र सही करताना घर गहाण पडलेले नव्हते. पहिल्या सत्राची फी भरली तेव्हा पडले. त्यानंतर ‘मला हे जमत नाही’ असे म्हणण्याची मुभा तिला किती उरली, हे विचारण्यासारखे आहे. आजोबांना कंटाळा आला असता तर ते संध्याकाळी उठून घरी गेले असते. घरी भाकरी होती, आणि डोक्यावर कोणाचे व्याज नव्हते.

हजार तासांची किंमत काढणे अवघड नाही. १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियात किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले. त्या दराने २४,९५० डॉलर होतात. दुसरीकडे, विद्यार्थ्याला व्हिसा मागताना वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात. तो आकडा मे २०२४ मध्ये २९,७१० डॉलर ठरला होता. म्हणजे एका माणसाच्या दहा महिन्यांच्या पोटापाण्याइतके काम ती बिनमोल देते. आणि प्लेसमेंटचे तास अभ्यासक्रमात धरलेले असल्याने त्यांची फीसुद्धा भरते. मेहुण्यांचे ‘ही कुठली रीत’ या जागी मला खरे वाटते.

तिच्याच वर्गात एक मुलगी आहे, कोणत्या देशाची ते सांगायचे कारण नाही. वडील तिला दरमहा पैसे पाठवतात. संध्याकाळी पाचला ती मोकळी होते, ग्रंथालयात बसते, झोपते, आणि सकाळी ताज्या चेहऱ्याने संस्थेत हजर होते. दोघींच्या प्रमाणपत्रावर आकडा एकच असेल, एक हजार. पर्यवेक्षक बाईंच्या अहवालात मात्र एकीविषयी ‘उत्साही’ असे लिहिले जाईल आणि दुसरीविषयी ‘कधी कधी थकलेली दिसते’ असे. ते खोटेही नसेल. बिनपगारी शिक्षणातली ही गोष्ट मला पैशापेक्षा जास्त टोचते. पैसा बुडाला तर हिशेबात दिसतो; हे गुणांच्या रूपाने त्या मुलीच्याच नावावर चढते.

तिकडच्या सरकारला हे अगदी कळले नाही असे नाही. शिक्षिका, परिचारिका, सुईण आणि समाजकार्यकर्ती होऊ पाहणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्लेसमेंटच्या काळात भत्ता द्यायचे त्यांनी २०२४ साली जाहीर केले. तेव्हाचा आकडा आठवड्याला ३१९.५० डॉलर होता, आणि १ जुलै २०२५ पासून योजना सुरू झाली. पण ती तिथल्या विद्यार्थ्यांसाठी. परदेशी विद्यार्थ्याला त्यात जागा नाही. यावर मेहुणे चिडले. मी चिडलो नाही. तिथल्या करदात्याने आपल्या घामाचे पैसे परक्या मुलीला का द्यावे, हा प्रश्न अन्यायाचा नाही. उद्या महाराष्ट्र सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना भत्ता देऊ केला तर आपणही तोच प्रश्न विचारू. पण मग त्या शुक्रवारचे तीन तास मला आठवतात. दारात उभी राहिलेली ती बाई ऑस्ट्रेलियाचीच होती, आणि तिला रात्रीपुरते छप्पर मिळवून देणारी मात्र आमची. दान परक्याला देऊ नये हे समजते. देणे चुकते करताना आपपर पाहावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

राहता राहिले आजोबांचे म्हणणे : आम्ही नाही का केली? याला फार जुना आधार आहे. महाभारताच्या आदिपर्वात आयोद धौम्य नावाच्या ऋषींच्या तीन शिष्यांची कथा येते. पहिला आरुणी, शेताचा बांध फुटला तेव्हा पाणी अडवायला स्वतःच आडवा झोपला. ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. दुसरा उपमन्यू, तो गाई राखी. गुरूने त्याची भिक्षा घेतली, दुसऱ्यांदा भिक्षा मागू नको म्हटले, गाईचे दूध पिऊ नको म्हटले, वासरांच्या तोंडचा फेससुद्धा नको म्हटले. शेवटी भुकेने त्याने रुईची पाने खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. अश्विनीकुमारांनी त्याला दृष्टी दिली म्हणून बरे. सर्वांच्याच मदतीला ते धावून येतात असे नाही. आणि तिसरा वेद. याच्या वाट्याला चमत्कार नाही. गुरूच्या घरी तो वर्षानुवर्षे बैलासारखा राबला, ऊन, थंडी, भूक, तहान सोसली, आणि विद्या घेऊन घरी गेला. पुढे तोही गुरू झाला. त्याच्याकडे शिष्य आले. आणि व्यासांनी लिहून ठेवले आहे, की गुरुगृही राहण्याचे दुःख काय असते ते त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आपल्या शिष्यांना कामाला जुंपले नाही.

जे आपण सोसले ते पुढच्यानेही सोसावे असे बहुतेकांना वाटते, आणि त्याला आपण शिस्त म्हणतो. वेदाला तसे वाटले नाही. भाचीच्या पर्यवेक्षक बाईही कोणे एके काळी दुसऱ्या देशातून तिथे शिकायला आलेल्या. दर बुधवारी, भाचीची रात्रपाळी असते म्हणून, त्या तिला तीनलाच घरी पाठवतात. तास मात्र पुरते मांडतात की नाही ते मी विचारले नाही.

आजोबांना मी वेदाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “कामाला लावलं नाही, तर ते शिष्य शिकले कसे?”

मी आदिपर्व पुन्हा उघडले. वेदाचा शिष्य उत्तंक. वेद यजमानाकडे गेला, तेव्हा सगळे घर उत्तंकाच्या हवाली करून गेला, आणि त्याने ते नीट सांभाळले. शिक्षण संपल्यावर गुरुदक्षिणा काय देऊ, असे तो विचारीत राहिला. वेद काही मागेना. शेवटी कंटाळून म्हणाला, आपल्या गुरुपत्नीला विचार. गुरुपत्नीने पौष्य राजाच्या राणीच्या कानांतली कुंडले मागितली, तीही चार दिवसांत! बिचारा गेला, कुंडले मिळवली, वाटेत ती तक्षकाने पळवली, त्यांच्यामागे पाताळापर्यंत उतरावे लागले.

रविवारी हे सगळे मी भाचीला फोनवर ऐकवले. ती नुकतीच पाळीवरून आली होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. पाताळापर्यंत आल्यावर ती हसायला लागली. “म्हणजे शेवटी त्याचीही प्लेसमेंट झालीच की, मामा,” ती म्हणाली. “आणि प्रवासखर्च कोणी दिला?”